मुलाला न भेटणारा स्वयंसेवक

कंपनीचा सेवादिन म्हटला की काय काय होतं, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडली जातात. सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट मिळतात. एका टोकाला रिकाम्या बॅगांचा ढीग, मग ओळीने टूथब्रश, साबण, वही, रंगखडू, मऊ अस्वल, आणि दुसऱ्या टोकाला भरलेल्या बॅगांची चळत. दोन-तीन तासांत शेकडो बॅगा तयार होतात, साहेब चार शब्द बोलतात, फोटो निघतो. या बॅगा कोणासाठी? तर ज्या मुलांना अचानक स्वतःच्या घरातून काढून परक्या कुटुंबाकडे, म्हणजे तातडीच्या फोस्टर केअरमध्ये ठेवावं लागतं, त्यांच्यासाठी.

या दिवसाची टिंगल करणं सोपं आहे आणि मला ती करायची नाही. रोजच्या कामातून उठून अनोळखी मुलासाठी कोणी दोन तास उभं राहत असेल तर ते चांगलंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा दिवस आखताना नजर असते ती कर्मचाऱ्यांवर. त्यांना काय वाटलं, किती जण आले, सगळ्यांना काम पुरलं का. शेवटी अभिप्रायाचा फॉर्मही त्यांनाच भरायला देतात. त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘मुलांना प्रत्यक्ष भेटता आलं असतं तर अजून आवडलं असतं.’ मग पुढच्या वर्षी कोणीतरी खरंच तशी भेट घडवून आणतं.

मला वाटतं, ही भेट होऊच नये. अशा प्रसंगातल्या मुलाच्या आसपास नवे चेहरे जितके कमी तितकं बरं. कंपनीच्या माणसांनी आपली ताकद लावायची ती त्या मुलाजवळ खरोखर असणाऱ्या दोन-तीन मोठ्यांच्या मागे. असं मूल आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या, रात्री अकरा वाजता दार उघडणाऱ्या प्रतिपालक बाईच्या मागे, तिच्यापर्यंत मूल पोहोचवणाऱ्या सामाजिक कार्यकर्तीच्या मागे, किंवा कसलीही तयारी नसताना नातवाला ठेवून घेणाऱ्या आजीच्या मागे. चांगला स्वयंसेवक इथे तो, ज्याचं नाव त्या मुलाला कधीच कळत नाही.

तातडी म्हणजे काय ते आधी पाहू. आई एकटीच सांभाळणारी आहे आणि तिला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेलं. घरात मारहाण झाली आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावलं. दोन लहान मुलं दोन दिवस घरात एकटीच आढळली. अशा वेळी निर्णय तासाभरात होतो, आणि कायद्यानेही तो तसाच होईल हे गृहीत धरलं आहे. इंग्लंडमध्ये १९८९च्या बालक कायद्यानुसार पोलीस न्यायालयाच्या हुकुमाशिवाय मुलाला जास्तीत जास्त ७२ तास संरक्षणात ठेवू शकतात. न्यायालयाचा तातडीचा संरक्षण आदेश आठ दिवसांपर्यंतचा असतो आणि तो एकदाच, फार तर सात दिवसांनी वाढतो. भारतात २०१५च्या बाल न्याय कायद्याने असं मूल, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या अधिकृत समितीपुढे, नेणं बंधनकारक केलं आहे.

हे तास मोठ्यांच्या हिशोबाचे. मुलापुढचे प्रश्न निराळेच असतात. या घरात संडास कुठे आहे? रात्री दिवा चालू ठेवतात का? कुत्रा चावतो का? उद्या शाळेत कोणी सोडणार की नाही, आणि बाई वही मागतील ती तर घरीच राहिली. भाऊ दुसऱ्या गाडीत का बसला? आईला माहीत आहे का मी कुठे आहे? रडणारं मूल तरी लक्षात येतं. पुष्कळ मुलं रडत नाहीत. बूट न काढता कोचाच्या टोकावर बसून राहतात, कारण परत जायचं आहे असं त्यांनी धरलेलं असतं.

आता यात अजून चार प्रेमळ माणसं आणून पाहा. त्या दिवशी मुलाने आधीच पोलीस, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ती, ड्रायव्हर आणि नवं कुटुंब एवढे लोक पाहिलेले असतात. प्रत्येकाने त्याच्या डोक्यावरून हात फिरवलेला असतो आणि प्रत्येक जण निघून गेलेला असतो.

प्रेमळ माणसांची गर्दी मुलाला कशी पेलवत नाही, याचा पुरावा जुना आहे. लंडनच्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दाम्पत्याने १९६०च्या दशकात आईपासून थोड्या दिवसांसाठी दुरावलेल्या लहान मुलांचं जवळून निरीक्षण केलं आणि ते चित्रितही केलं. त्यातला जॉन सतरा महिन्यांचा. आई दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात गेली म्हणून त्याला नऊ दिवस एका निवासी पाळणाघरात ठेवलं होतं. पाळणाघर चांगलं होतं. तिथल्या तरुण परिचारिका मायाळू होत्या. पण त्यांना कामं वाटून दिली होती, मुलं नव्हे. जी आज भरवायची ती उद्या कपडे बदलायला नसायची. जॉन सुरुवातीला एकेकीजवळ जाऊन उभा राहतो, तिच्या मांडीवर जागा शोधतो. ती थोडा वेळ घेते, मग तिची पाळी संपते. दोन-तीन दिवसांनी तो माणसांचा नाद सोडून एका मोठ्या अस्वलाला बिलगतो. पुढे खाणंपिणं सोडतो, रडत पडून राहतो. नवव्या दिवशी आई न्यायला येते तेव्हा तो तिच्याकडेही जायला तयार होत नाही, अंग टाकून ओरडतो.

याच सुमारास रॉबर्टसन दाम्पत्याने अशीच चार मुलं, एका वेळी एक, स्वतःच्या घरी सांभाळली. आधी मुलाच्या सवयी विचारून घेतल्या, त्याची खेळणी आणि अंथरूण सोबत आणवलं, आईचा विषय टाळला नाही, वडिलांना भेटायला येऊ दिलं. ती मुलंही बिथरली, पण जॉनसारखी कोसळली नाहीत. एक फरक मात्र मान्य करायला हवा : तिथे तयारीला वेळ होता, तातडीत तो मिळत नाही. म्हणून तर त्या पहिल्या रात्री प्रतिपालक बाईचं लक्ष मुलावरून हलता कामा नये. तिला डायपर आणायला बाहेर पडावं लागलं, पाळण्याचे स्क्रू घट्ट करत बसावं लागलं, चार फॉर्म भरावे लागले, तर तेवढा वेळ मूल एकटंच.

बुखारेस्टमधला प्रयोग याहून मोठा. २०००च्या सुमारास चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी रोमानियातल्या अनाथालयांमधली १३६ तान्ही व लहान मुलं निवडली. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने निम्मी प्रतिपालक कुटुंबांकडे दिली, निम्मी संस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसांशी जुळणारं नातं सुधारलं. साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्तच. हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्यामागची व्यवस्था फारशी सांगितली जात नाही. तिथे प्रतिपालक कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, ती शोधून उभी करावी लागली. त्यांना नियमित मानधन होतं आणि अडलंनडलं तर विचारायला सामाजिक कार्यकर्त्या होत्या. नुसतं ‘कुटुंब’ या शब्दाने ती मुलं सावरली नाहीत. पाठीशी कोणीतरी असलेलं कुटुंब त्यांना मिळालं होतं.

म्हणजे प्रश्न उरतो तो पाठीशी कोण राहणार याचा, आणि इथेच ऑफिसातली माणसं उपयोगी पडू शकतात.

पुन्हा बॅगेकडे येऊ. या बॅगांचा उगम खऱ्या लाजिरवाण्या गोष्टीत आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं मुलांचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कोंबून त्यांना एका घरातून दुसऱ्या घरी हलवत. मोठी झालेली मुलं ही पिशवी विसरलेली नाहीत. आपलं सामान कचरा, म्हणजे आपणही कचरा, हा अर्थ मुलाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा चांगली बॅग मिळणं ही क्षुल्लक बाब नव्हे.

पण मग ती भरलेली का असते? जे मूल घरातून निघतंय त्याच्याकडे स्वतःचं काही ना काही असतं. विटलेला शर्ट, कान तुटलेला ससा, शाळेची वही, आईची ओढणी. नव्याकोऱ्या वस्तूंनी ठासून भरलेली बॅग त्याच्या हाती दिली की या वस्तू कुठे ठेवायच्या? पुन्हा काळ्या पिशवीत. घाईत असलेला मोठा माणूस ‘तिथे सगळं नवीन मिळेल’ म्हणून त्या मागेच ठेवून देतो, आणि ओढणीला येणारा आईचा वास कुठल्याही सेवादिनाला तयार करता येत नाही. माझं तर मत आहे की कंपनीने द्यायची सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे एक मोठी, मजबूत, रिकामी बॅग. ती कार्यकर्तीच्या गाडीच्या डिकीत कायम असावी. बरोबर वस्तूंची छोटी, वेगळी पिशवी द्यायला हरकत नाही.

त्या छोट्या पिशवीबद्दलही दोन शब्द. टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे चार-पाच वर्षांचं गोंडस मूल असतं. म्हणून अस्वलं उदंड होतात आणि पंधरा वर्षांच्या मुलाला लागणारं काहीच सापडत नाही. त्याला हवा असतो फोनचा चार्जर, त्याच्या मापाची नवी अंतर्वस्त्रं, दाढीचं सामान. मुलीला सॅनिटरी पॅड हवे असतात आणि ते मागायची वेळ परक्या पुरुषापुढे येऊ नये एवढं हवं असतं. हे टेबलापाशी सुचत नाही, कारण ते फोटोत छान दिसत नाही. म्हणून यादी कंपनीने करूच नये. ती जिल्ह्यातल्या कार्यकर्तीकडून आणि पूर्वी या वाटेने गेलेल्या तरुणांकडून घ्यावी, आणि दरवर्षी पुन्हा विचारावी.

आणि त्या चिठ्ठ्या! बॅगेत प्रत्येकाने आपल्या हस्ताक्षरात मुलासाठी चार ओळी लिहायच्या, ही कल्पना कोणालाही आवडते. लोक मनापासून लिहितात : ‘आता तू सुरक्षित आहेस’, ‘आता तुला छान घर मिळालं’, ‘वाईट दिवस संपले’. लिहिणाऱ्याच्या मनात दयाच असते. पण वाचणाऱ्याला घरी जायचं असतं. त्याची आई त्याच्या दृष्टीने ‘वाईट दिवस’ नाही, आई आहे. शिवाय तातडीने हलवलेल्या पुष्कळ मुलांच्या बाबतीत पहिला प्रयत्न त्यांना परत घरी नेण्याचाच असतो, आणि ते योग्यही आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याने एका वाक्यात त्या आईचा निकाल लावून टाकलेला असतो. लिहायचंच असेल तर एवढं पुरे : ‘हे सगळं तुझं आहे. परत द्यायचं नाही.’ मुलाला हे सांगणं आवश्यक आहे, कारण आपल्या हाती आलेली वस्तू आपलीच राहते हा अनुभव त्याला नसण्याची शक्यता पुष्कळ.

जाता जाता एक. शंभर-दोनशे माणसांच्या त्या हॉलमध्ये स्वतः असं बालपण काढलेलं कोणीतरी असू शकतं. तेही मुकाट्याने बॅग भरत असतं आणि आजूबाजूचं ‘बिचारी पोरं’ ऐकत असतं. सूत्रसंचालकाने एवढं ध्यानात ठेवलं तरी माइकवरची भाषा बदलेल.

खरी गरज वस्तूंची कमी आणि वस्तू वेळेवर पोहोचण्याची जास्त आहे. मूल घराबाहेर पडतं ते शुक्रवारी संध्याकाळी, सणाच्या रात्री, पहाटे तीनला. बॅगा ठेवलेल्या असतात कुलूपबंद खोलीत, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते सोमवारी दहाला येतात. सेवादिनाला दोनशे माणसं जमवणाऱ्या कंपनीने त्यातली वीस माणसं वर्षभर पाळीपाळीने फोनवर ठेवली तर? गोदाम कसं लावायचं, कोणत्या मापाचं किती शिल्लक आहे, काय संपत आलं, कोणती गाडी कुठे आहे, हे सगळं ऑफिसातल्या माणसांना झोपेतही जमतं. हिशोबनीस फॉर्म भरायला मदत करू शकतो. वीजतंत्री घराच्या तपासणीत अडलेली वायर किंवा धुराची घंटा बसवून देऊ शकतो. ज्या देशांत लहान मुलाला गाडीत विशेष आसनाशिवाय नेता येत नाही, तिथे ते आसन रात्री दहाला हजर असणं म्हणजे मूल पोलीस चौकीच्या बाकावर बसून राहणार की निघणार, याचा फैसला.

भावंडांचं उदाहरण घ्या. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये पर्यायी संगोपनाविषयी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. भावंडांना, स्पष्ट धोका असल्याशिवाय किंवा मुलांच्या हिताचं तसं ठोस कारण असल्याशिवाय, एकमेकांपासून तोडू नये असं ती सांगतात. प्रत्यक्षात ती तुटतात याचं कारण प्रत्येक वेळी धोका नसतो. कधी कारण एवढंच असतं की घरात खाट एकच आहे. प्रतिपालक बाई म्हणते, ‘दोघींना ठेवून घेईन हो, पण तान्हीला झोपवू कुठे?’ नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाला झोपायला स्वतंत्र जागा दाखवावी लागते, दुकानं बंद झालेली असतात, आणि फोनवर बोलणाऱ्या कार्यकर्तीपुढे दुसरं घर शोधण्यावाचून इलाज राहत नाही. अशा वेळी कोणीतरी नऊ वाजता टेम्पोतून पाळणा आणि गादी आणतं, जिन्यातून वर चढवतं, पाचा मिनिटांत जोडतं, मुलांच्या खोलीत न डोकावता निघून जातं, आणि त्या रात्री दोघी बहिणी एका खोलीत झोपतात. त्या माणसाने मुलींना पाहिलंसुद्धा नाही. सेवादिनाच्या पाचशे चिठ्ठ्यांपेक्षा मला हे एक काम मोठं वाटतं.

यावर मला एक उत्तर हमखास मिळेल : माणूस भेटला नाही तर मन गुंतणार नाही, आणि मन गुंतलं नाही तर लोक टिकणार नाहीत. यात तथ्य आहे. पण मग गुंतणाऱ्याने गुंतण्याची किंमतही द्यावी. अमेरिकेत सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी १९७७ मध्ये एक पद्धत सुरू केली. न्यायालयापुढे आलेल्या मुलाची बाजू स्वतंत्रपणे मांडण्यासाठी साध्या नागरिकांना स्वयंसेवक म्हणून नेमायचं. ती देशभर पसरली. हे स्वयंसेवक मुलाला भेटतात, वारंवार भेटतात. पण आधी त्यांची पार्श्वभूमी तपासली जाते, सुमारे ३० तासांचं प्रशिक्षण होतं, हाती एखाद-दुसरंच प्रकरण मिळतं आणि प्रकरण संपेपर्यंत ते सोडायचं नाही अशी अपेक्षा असते. इंग्लंडमध्येही कायद्यानेच ‘स्वतंत्र भेटकर्ता’ नावाची सोय ठेवली आहे. ज्या मुलाच्या हिताचं ठरेल त्याच्याकडे ठरावीक काळाने, तोच एक माणूस, वर्षानुवर्षं जातो. ज्या कर्मचाऱ्याला खरंच मुलाच्या सोबत राहायचं आहे त्याने हा रस्ता धरावा, आणि कंपनीने त्याला त्यासाठी महिन्याचा अर्धा दिवस मोकळा द्यावा. वर्षातून एकदा येऊन मुलांबरोबर गाणी म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांची नावंही विसरायची, हे मात्र देखल्या देवा दंडवत. २०१९च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा हौशी स्वयंसेवेने मुलांचं नुकसान होतं हे नोंदवलं, ते उगीच नाही.

फोटोचा मुद्दा लांबवत नाही. मुलाचा चेहरा, नाव, शाळा, हकीकत यांतलं काहीही कंपनीच्या पत्रिकेत येता कामा नये. भारतात बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशी ओळख उघड करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. चेहरा झाकून घेतलेला फोटोही मला पटत नाही; पाठमोऱ्या मुलाला त्याचा शर्ट तर ओळखू येतोच, आणि त्याच्या वर्गातल्यांनाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी येतो. मुलाला सरकारने घराबाहेर काढलं तर त्याची बॅग, खाट, गादी सरकारनेच द्यायला हवी. कंपन्यांनी ती दिली की सरकार हात आखडता घेणार. मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन आणि टेक्सस या राज्यांनी २०२३ मध्ये कायदे करून मुलांचं सामान कचऱ्याच्या पिशवीतून नेण्याला आळा घातला आणि बॅग पुरवणं हे यंत्रणेचं काम ठरवलं. हेच व्हायला हवं. दानाने सुरू झालेली गोष्ट नियमात यावी आणि दान करणाऱ्याने तिथून उठून पुढच्या अडचणीकडे जावं. पण काही कामं सरकारला नियमाने करता येत नाहीत. निविदा काढून रात्री नऊला पाळणा येत नाही. ज्या कंपनीला खरोखर मदत करायची आहे तिने दोन्ही करावं : पाळणा पोहोचवावा, आणि तो सरकारी खर्चाने का मिळत नाही हे अधिकाऱ्यांना विचारतही राहावं. कंपनीच्या पत्राला उत्तर येतं. प्रतिपालक बाईच्या अर्जाला येतंच असं नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कंपन्या स्वयंसेवेसाठी माणसांना बाहेर पाठवतात आणि आपल्याच इमारतीतल्या माणसाकडे पाहत नाहीत.

दुपारी चार वाजता हिशोब विभागातल्या एखाद्या बाईंचा फोन वाजतो. पलीकडून विचारणा : सहा वर्षांचा मुलगा आहे, आज रात्रीपासून, किती दिवस ते सांगता येत नाही, घ्याल का? त्यांनी घरी सगळी तयारी, तपासणी, प्रशिक्षण पूर्ण केलेलं आहे. मन ‘हो’ म्हणतंय. पण उद्या सकाळी त्याला डॉक्टरकडे न्यावं लागेल. परवा बहुधा समितीपुढे किंवा न्यायालयात. त्याची शाळा दूर असेल तर पहिले काही दिवस तिथे सोडणं-आणणं. आईची भेट कार्यालयीन वेळेतच ठरणार, कारण भेट घडवणाऱ्या कार्यकर्तीचंही ते कार्यालयच. बाईंच्या खात्यावर रजा किती उरली? मूल कायद्याने ‘त्यांचं’ नाही, मग कोणत्या सदराखाली मागायची? साहेबांना कारण काय सांगायचं, आणि किती सांगायचं, कारण मुलाची हकीकत तर गोपनीय? या प्रश्नांना उत्तर सापडलं नाही की त्या ‘या वेळी नाही जमणार’ म्हणतात. यंत्रणेच्या नोंदवहीत एक घर असूनही नसल्यासारखं होतं.

कायद्याने काही ठिकाणी याचा विचार केला आहे. अमेरिकेच्या १९९३च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या कायद्यात दत्तकाबरोबरच फोस्टर केअरचं मूल घरी येणं हेही रजेचं कारण मानलं आहे. रजा बारा आठवड्यांपर्यंत, पण बिनपगारी, आणि लहान आस्थापनांना लागू नाही. भारतात २०१७च्या दुरुस्तीने अगदी तान्हं मूल दत्तक घेणाऱ्या आईला मातृत्व रजा मिळाली. प्रतिपालक आईचा त्यात उल्लेख नाही. ब्रिटनमध्ये प्रतिपालकांची राष्ट्रीय संस्था अशा आस्थापनांना ‘फोस्टरिंग-स्नेही’ म्हणून मान्यता देते, ज्या स्वतःहून प्रशिक्षणासाठी आणि मूल घरी येताना रजा देतात. तिथली रजा फार नसते, काही दिवसांचीच. पण काही दिवस म्हणजेच तर ती तातडी.

मी एखाद्या कंपनीच्या सेवादिनाच्या समितीत असतो तर गणित सरळ मांडलं असतं. दोनशे माणसं अर्धा दिवस बॅगा भरतात म्हणजे शंभर मनुष्यदिवस झाले, आणि त्यांचा पगार कंपनी आनंदाने देते. यातले साठ दिवस बाजूला काढा. प्रतिपालक म्हणून मान्यता असलेल्या कर्मचाऱ्याला मूल घरी आल्यावर पाच दिवसांची भरपगारी रजा, कारण न विचारता, कार्यकर्तीच्या एका पत्रावर. साठ दिवसांत अशी बारा मुलं येतात. नातवाला, भाच्याला अचानक ठेवून घ्यावं लागलेल्या आजी-आजोबांना आणि मावशी-काकांनाही तीच रजा, कारण बऱ्याच मुलांसाठी पहिलं दार नातेवाइकांचंच असतं आणि त्यांच्याकडे तर प्रशिक्षण, मानधन काहीच नसतं. उरलेल्या चाळीस दिवसांत फोनवरची पाळी आणि टेम्पो बसतो. बॅगांचं काम त्यातूनही जमेल, कारण रिकाम्या बॅगा भरायला वेळ लागत नाही.

मनुष्यबळ विभागाकडून यावर काय येईल हे मला माहीत आहे. ‘आपल्याकडे असे कर्मचारी आहेतच किती? दोन? तीन?’ खरं आहे, फारसे नसतील. पण का नाहीत, हे त्यांनीच एकदा आपल्या रजेच्या नियमात शोधावं. प्रतिपालक व्हावं असं मनात असणारा माणूस अर्ज आणायच्या आधी नोकरीचा विचार करतो, आणि तिथेच थांबतो. रजेचा नियम लेखी आहे, बोलून दाखवला जातो, एखाद्या सहकाऱ्याने वापरलाही आहे असं दिसलं, तर त्या दोनाचे चार व्हायला दोन-तीन वर्षं लागतील. तोवर अहवालात लिहायला आकडा लहान असेल, फोटो तर नसेलच. सेवादिनाच्या ढाल-चषकासाठी ही प्रवेशिका बाद ठरेल. ती बाद ठरली तरी नियम मागे घेऊ नये, एवढी तरतूद त्याच ठरावात आधीच करून ठेवावी.